रेंजवरचा दुसरा माणूस

जपानी कागद वाचता येणारी मराठी बाई म्हणून सुप्रभाची टोकियोजवळच्या उरायासुमधल्या त्या इमारतीत ओळख होती. शाळेचं पत्र, पालिकेचं पाकीट, दवाखान्याचा फॉर्म, काही आलं की कुणी ना कुणी तिच्या दाराशी यायचंच. त्यामुळे सप्टेंबरातल्या एका शनिवारी सातव्या मजल्यावरची स्वप्ना चिठ्ठी घेऊन आली, तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

चिठ्ठी शेजाऱ्यांची होती, फार नम्र. आपल्याकडचा टीव्ही आणि वडीलधाऱ्यांचं बोलणं भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू येतं, थोडी काळजी घेतलीत तर आभारी राहू.

“बाबांना ऐकूच येत नाही गं,” स्वप्ना म्हणाली. “सासूबाई गेल्यावर गावी एकटे कसे ठेवायचे? आमची नेत्रा लहान आहे, तिला सांभाळायला म्हणून त्यांचा व्हिसा तरी मिळाला. अंबरीष रोज सांगतो, बाबा हळू. पण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तर ते हळू कसं बोलणार?”

“कधीपासून आहे हे?”

“फौजेत असल्यापासून. हवालदार होते ना ते.”

सुप्रभाने चिठ्ठी खाली ठेवली. “कान फौजेत गेला, तर त्याची अपंगत्वाची पेन्शन मिळते का त्यांना?”

“कसली पेन्शन? साधी मिळते तेवढीच.”

सुप्रभाचे वडील सुभेदार होते. बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढल्यावर त्यांच्या पाठीचा कणा कामातून गेला. वैद्यकीय मंडळाने लिहिलं, ‘आजाराचा सैनिकी सेवेशी संबंध नाही.’ दोनदा अपील केलं, दोनदा तेच वाक्य परत आलं. ते गेले तेव्हा उशीखालच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कागद होता. दिवसवार झाल्यावर सुप्रभा जपानला परतली आणि महिन्याभरात साताऱ्याच्या एका लहानशा संस्थेला तिने पत्र लिहिलं. माजी सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे दावे ही संस्था फुकट चालवायची. मैथिली नावाची वकीलबाई, दोन खोल्या आणि एक स्कॅनर, एवढाच संसार. मैथिलीने तिला फायली पाठवायला सुरुवात केली. सुप्रभा टोकियोत आठवडाभर भाषांतराची नोकरी करायची आणि शनिवारी इंग्रजीत अपिलं लिहायची. सहा वर्षांत अकरा जणांचे दावे मंजूर झाले होते. अकराव्या वेळीही तिला रडू आलं होतं.

त्या शनिवारीच ती स्वप्नाबरोबर खाली सातव्या मजल्यावर गेली.

हवालदार विजयकुमार शितोळे बाल्कनीत स्टुलावर बसले होते. चौसष्टीचा माणूस, काटकुळा, दाढी घोटून केलेली. उजवा कान पार गेलेला, डाव्याशी तोंड नेऊन बोललं तर थोडं कळायचं. सुप्रभाने आपल्या वडिलांच्या पलटणीचं नाव सांगितलं, तसे ते उठून उभेच राहिले.

“सुभेदारसाहेबांची पोरगी व्हय तू? बस, बस.” आवाज चौकभर ऐकू जाईल असा.

“काका, कान कशाने गेला तुमचा?”

“सुट्टीवर आलो हुतो. नदीत पवलो. पू झाला.”

“बोर्डाने काय लिहिलं?”

“तेच लिवलं. बरोबर लिवलं.”

स्वप्नाच्या नवऱ्याने, अंबरीषने, तिला लिफ्टपर्यंत सोडताना वेगळंच सांगितलं. “आई म्हणायची, विनायककाका स्फोटात गेला आणि त्या दिवसापासून ह्यांना ऐकू येईना झालं. विनायक सावंत म्हणजे बाबांचा जिवलग. शेजारच्या गावचा, एकाच दिवशी भरती झालेले दोघं. एकोणनव्वद साली तोफांच्या फायरिंग रेंजवर न फुटलेल्या गोळ्यांपाशी झेंड्या रोवताना एक फुटला. अजूनही दर सोळा फेब्रुवारीला बाबा दिवसभर जेवत नाहीत. आणि विचारलं तर म्हणतात, मी तिथे नव्हतो.”

सुप्रभाला हे ओळखीचं वाटलं. तिच्या वडिलांनीही कधी कुणाजवळ स्वतःच्या दुखण्याचा उच्चार केला नव्हता. फौजी माणूस मागून घ्यायला लाजतो, असं तिचं पक्कं मत होतं, आणि ते अकरा वेळा खरं ठरलं होतं.

तिने दोघा बापलेकांना स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी बराच वेळ कानात पाहिलं, यंत्रावर तपासणी केली, मग कागदावर पडद्याचं चित्र काढून सुप्रभाला समजावलं. पडदा एका झटक्यात फाटून वेडावाकडा भरून आला आहे. आतली नसही ठरावीक जागी मेली आहे. पू होऊन असं होत नाही. अगदी जवळ मोठा स्फोट झाला की होतं.

“हे लेखी द्याल?” सुप्रभाने विचारलं.

“जे दिसलं ते लिहीन,” डॉक्टर म्हणाले.

परतताना काकांनी विचारलं, “काय म्हनला डॉक्टर?”

“म्हणाले, स्फोटाने गेलाय कान,” ती त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाली.

ते चालता चालता थांबले. मग मान हलवून पुढे निघाले. “त्याला काय ठाव? जपानी मानूस.”

सुप्रभाने अपील लिहिलं. आजवर लिहिलेल्यांत ते सगळ्यांत पक्कं होतं. डॉक्टरांचा अहवाल, स्फोटाची तारीख, तेव्हापासून बिघडत गेलेली वैद्यकीय श्रेणी, आणि मधोमध एक वाक्य: अर्जदार स्फोटाच्या वेळी नायक विनायक सावंत यांच्यापासून काही पावलांवर हजर होते. चौकशीचे जुने कागद माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत, असंही तिने मैथिलीला सुचवलं.

मैथिलीने फोन केला. “हजर होते हे ते स्वतः म्हणतात ना?”

“ते नाहीच म्हणतात. पण कान खोटं बोलत नाही, मैथिली.”

“बघ हं. सही त्यांची लागेल.”

सही अंबरीषने घेतली. कानाच्या तपासणीचे कागद आहेत, असं त्याने वडिलांना मोठ्याने सांगितलं. काकांनी इंग्रजी कागदांवर जिथे त्याने बोट ठेवलं तिथे नाव लिहिलं. सुप्रभा तिथेच बसली होती. सांगावं की काय, असं एकदा तिच्या मनात आलं, पण निकाल लागला की सांगू, तेव्हा म्हातारा हसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मैथिलीचा फोन आला. एरवी ती आधी हवापाण्याचं बोलायची. या वेळी सरळ म्हणाली, “सुप्रभा, घोटाळा झालाय.”

पेन्शन कार्यालयाने पस्तीस वर्षांपूर्वीची चौकशी उघडली होती. तिच्यात लिहिलं होतं की त्या दिवशी रेंजवर एकाच माणसाला पाठवलं होतं, विनायक सावंतला. न फुटलेल्या गोळ्यांना हात न लावता शेजारी लाल झेंडी रोवायची, एवढंच काम. दुसरा माणूस तिथे नव्हता. आता अर्जदार म्हणतो, मी होतो. मग तो तिथे कशाला गेला होता? दोघं मिळून काय करत होते? स्फोट खरोखर कामावर असताना झाला की आणखी कशाने? याची पडताळणी होईपर्यंत विनायकच्या विधवेची विशेष कुटुंब पेन्शन रोखून धरली होती.

“तिची?” सुप्रभा म्हणाली. “तिचा काय संबंध?”

“नवरा कामावर मेला म्हणून तिला ती मिळते. तो नियम मोडताना मेला असं ठरलं तर काय राहतं तिच्याकडे? शैलजाबाई आज संस्थेत आल्या होत्या. नोटीस टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसून राहिल्या.”

दुसऱ्या दिवशी सुप्रभाने कचेरीत रजा टाकली आणि सातव्या मजल्यावर गेली. अंबरीष कामावर होता, स्वप्ना नेत्राला पाळणाघरात सोडायला गेलेली. काका भांडी पुसत होते. सुप्रभाने त्यांना खाली बसवलं आणि डाव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. सहीचे कागद काय होते, त्यात तिने काय लिहिलं आणि त्यापायी काय झालं.

ते पहिल्यांदा चिडले नाहीत, घाबरले. हातातलं फडकं तसंच राहिलं.

“शैलाची पेन्शन?” ते म्हणाले. “बंद केली?”

“हो.”

“म्या तुला सांगितलं हुतं, मी तिथं नव्हतो.” हे त्यांनी हळू म्हटलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. “किती बारी सांगितलं!”

सुप्रभाने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि विचारलं, “होता ना पण, काका?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग ते सांगू लागले. आवाज पुन्हा चढत होता, म्हणून सुप्रभाने उठून बाल्कनीचं दार लावलं.

विनायक झेंड्या रोवायला गेला होता, हे खरं. पण जाताना त्याने पिशवीत छिन्नी आणि हातोडी घेतली होती. गोळ्याच्या बुडाशी तांब्याची कडी असते. ती काढून आणली की बाजारात विकली जायची. याआधी त्याने दोनदा आणली होती. घरी बाळंतपण आलं होतं, त्याला खर्चाची काळजी. हे फक्त विजयकुमारला ठाऊक होतं. सकाळी पिशवी जागेवर दिसली नाही तसा तो कुणाला न सांगता धावत मागे गेला.

“गोळा मांडीत घेऊन बसलेला. जसा नारळ सोलायला बसतो मानूस. म्या आरडलो, विन्या, ठेव ते! त्यानं वर बघितलं, हसला आन् हात केला.”

काकांनी हात वर केला आणि तसाच धरला.

“मला कळलं तवा मी पडलेलो. कानातनं रगत. त्याच्याकडं... त्याच्याकडं बघून उपेग नव्हता. हातोडी दिसली. छिन्नी पलीकडं. दोनी उचलल्या, नाल्यात टाकल्या. मग झाडीतनं लांबून वळसा मारून आलो, समद्यांच्या संगं, आताच आलो म्हणून. कानात कापूस घातला, टोपी वढली. धा दिवस कुणाला कळू दिलं न्हाय. चौकशीत म्हनलो, मी भांडारात हुतो.”

“म्हणून नदीत पोहल्याचं सांगितलंत.”

“मी तिथं असतो तर इचारलं असतं ना, तू कशाला गेल्तास? मग छिन्नी निघाली असती.” ते तिच्याकडे बघत राहिले. “बावीस वर्साची पोर हुती ती. पोटात लेकरू. अस्थी घेऊन मीच गेलो. तिला म्हनलो, वहिनी, विन्या ड्यूटीवर गेला. गावानं शाळेच्या कमानीवर नाव घातलं त्याचं.”

सुप्रभाने तोंड धुतलं, परत येऊन बसली. तिला वडिलांची आठवण आली, पण नेहमीसारखी नाही. आपण म्हाताऱ्याचं ऐकलंच नाही. आपल्या बापाचा खटला आपण या माणसाच्या नावाने लढत होतो, हे तिला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

“आता काय करायचं?” तिने विचारलं.

“लिव की. मी खोटं बोललो म्हणून लिव.”

“काका, अहो, त्याचा अर्थ तुम्ही पैशांसाठी खोटा दावा केलात असा होतो. तुमच्या नावावर तसा शेरा पडेल. आहे ती पेन्शनसुद्धा—”

“लिव.”

तिने मैथिलीला फोन लावला. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तोच मैथिली म्हणाली, “थांब. मी वकील आहे. तू आता जे सांगणार आहेस ते ऐकलं तर मला तो कागद दाखल करता येणार नाही. अर्जदाराला दावा मागे घ्यायचा आहे, एवढंच मला कळलंय. बरोबर?”

“बरोबर.”

“मग प्रतिज्ञापत्र पाठव. दूतावासातून सही साक्षांकित करून.” मग ती म्हणाली, “संस्थेचंही नाव यात खराब होणार, हे तुला कळतंय ना? पुढचं प्रत्येक अपील ते भिंगाखाली धरतील.”

सुप्रभाने आजवर शेकडो पानं लिहिली होती, त्यांतलं प्रत्येक वाक्य खरं होतं. हे एक पान लिहायला तिला दोन दिवस लागले. मी स्फोटाच्या ठिकाणी हजर नव्हतो. माझ्या कानाचा आजार सुट्टीत नदीत पोहल्यामुळे झाला. अधिक लाभ मिळावा या हेतूने मी खोटं निवेदन केलं. जपानी डॉक्टरांच्या अहवालाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. काका म्हणाले, लिव, जवानीत विहिरीला सुरुंग लावायचो, पडदा त्यानं आधीच फाटला असंल. तेही तिने लिहिलं.

अंबरीषला वडिलांनी स्वतःच सांगितलं, जेवताना, मोठ्या आवाजात. मी खोटं बोललो हुतो पोरा, सुप्रभाला मीच गुपचूप सांगितलं हुतं की मी तिथं हुतो, आता मागं घेतोय. अंबरीषने ताट बाजूला सारलं. स्वप्नाने हे सुप्रभाला लिफ्टमध्ये खाली मान घालून सांगितलं.

तोझाई लाइनच्या मेट्रोने ती काकांना टोकियोत कुदानशिताला, भारतीय दूतावासाकडे घेऊन गेली. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. डब्यात कुणीही बोलत नव्हतं, म्हणून तेही सगळा वेळ ओठ मिटून बसले. दूतावासात खिडकीपुढे पाचसात माणसं होती, कुणी पासपोर्टाला आलेलं, कुणी लग्नाच्या दाखल्याला. त्यांचा नंबर लागला. खिडकीतल्या तरुणाने कागद चाळला, काकांकडे पाहिलं आणि सौम्यपणे हिंदीत विचारलं, मजकूर समजून सही करताय ना?

काकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी सुप्रभाकडे बघितलं.

ती त्यांच्या कानाशी गेली. “विचारतायत, मजकूर मान्य आहे का?”

“काय?”

“मान्य आहे का! कागदातलं!”

“कंचं?”

मागची माणसं बोलायची थांबली. सुप्रभाने डोळे मिटले आणि ओरडून म्हटलं, “तुम्ही पेन्शनसाठी खोटं सांगितलंत, हे मान्य आहे का?”

“व्हय,” हवालदार शितोळे खणखणीत आवाजात म्हणाले. “मान्य हाय.” आणि टाचा जुळवून त्यांनी पेन मागितलं.

बाहेर आल्यावर सुप्रभाला रडू आलं. समोरच्या राजवाड्याच्या खंदकाच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. काका शेजारी उभे. पाणी हिरवं आणि गार होतं, झाडं अजून उघडी. “रडू नगंस,” ते म्हणाले. “तू काय मुद्दाम केलंस व्हय?”

मार्चच्या मध्यावर शैलजाबाईंची पेन्शन पुन्हा सुरू झाली. मैथिलीने कळवलं, आणि सोबत हेही की त्यांना जपानच्या त्या हवालदाराशी बोलायचंय, ऐकायलाच तयार नाहीत. सुप्रभाने काकांना विचारलं. त्यांनी शर्ट बदलला, केस विंचरले आणि मग फोनपुढे बसले.

पडद्यावर सत्तावन्न वर्षांची बाई आली. केस पांढरे, गळ्यात काळा दोरा. तिने क्षणभर डोळे बारीक करून पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. भाऊ म्हणत होते मी तुम्हाला. राखी पाठवली होती चार वर्षं. माझा माणूस कामावर मेला आणि तुम्ही त्याच्या मढ्यावर पैसे मिळवायला निघालात? तिथं नव्हता, तरी होतो म्हणालात? दोन महिने मी लेकीच्या दारात बसले. गावातली माणसं मला विचारत होती, शैला, तुझा नवरा काय चोरी करताना मेला का? त्या कमानीखालून जायची मला लाज वाटली. तुमचं वाटोळं होईल.

काका पडद्याकडे एकटक बघत होते. ओठ हलताना दिसत होते, तेवढंच.

“काय म्हणती?” त्यांनी विचारलं.

“रागावल्यात,” सुप्रभा एवढंच म्हणाली.

“खरं सांग. आता खोटं नगं.”

तिने सांगितलं. एकेक वाक्य, त्यांच्या कानाशी, काही न गाळता. पलीकडे शैलजाबाई थांबल्या होत्या. आपलेच शब्द दुसऱ्या बाईच्या तोंडून त्या माणसाच्या कानात जाताना त्या बघत होत्या. शेवटचं, वाटोळ्याचं वाक्यही तिने म्हटलं.

काकांनी हात जोडले. “बरोबर हाय, वहिनी. चुकलो.”

पडदा काळा झाला.

“सांगू का त्यांना?” सुप्रभाने विचारलं. “फक्त त्यांना. एकट्यांना.”

“आन् मग? छिन्नी दिऊ तिच्या हातात?” त्यांनी डोळे पुसले. “चिडू दे. तिला असंच वाटाया पायजे. आन् तू बी कुणाला सांगायचं न्हाय. अंबरीषला बी न्हाय. शपथ घे.”

तिने घेतली.

एप्रिलात काका गावी परत गेले. मुलाच्या घरात दोघांत बोलणं उरलं नव्हतं, आणि जे होतं ते शेजाऱ्यांना ऐकू जायचं. त्यांच्या नावावर शेरा पडला, दावा कायमचा बंद झाला. साधी पेन्शन तेवढी वाचली. संस्थेची दोन अपिलं ‘अधिक छाननीसाठी’ अडकली. त्यांतला एक म्हातारा मे महिन्यात वाट बघत वारला. मैथिलीने दोष दिला नाही, पण नवीन फाइलही पाठवली नाही, आणि सुप्रभाने मागितली नाही. शनिवारी ती घरभर काहीतरी आवरत असते. तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने, दोनदा विचारलं, काय झालंय? कामाचं आहे, असं ती म्हणाली.

जूनमधल्या एका सकाळी ती कागदाच्या रद्दीचे गठ्ठे घेऊन खाली गेली, तर इमारतीच्या कचऱ्याच्या शेडपाशी अंबरीष पुठ्ठे बांधत होता. एवढ्या महिन्यांत दोघं प्रथमच एकटी समोरासमोर आली.

“काका कसे आहेत?” तिने विचारलं.

“बरे आहेत.” त्याने सुतळीची गाठ आवळली. “सुप्रभाताई, एक सांगू? राग तुमचा नाही. तुम्ही चांगल्या मनाने केलंत. पण मला आयुष्यभर वाटायचं, माझा बाप सरळ माणूस आहे. बाकी काही नसेल, पण सरळ आहे.” त्याने दुसरी गाठ मारली. “पैशासाठी त्यांनी मेलेल्या मित्राचं नाव वापरलं. नेत्रा मोठी झाली की तिला मी काय सांगू, आजोबा कोण होते म्हणून?”

सुप्रभाच्या हातातला गठ्ठा जड झाला. एका वाक्याचं काम होतं. ते तिच्या जिभेवर आलंसुद्धा.

“अंबरीष,” ती म्हणाली.

त्याने वर बघितलं.

“पुठ्ठे तिकडच्या बाजूला ठेवायचे. इथे वर्तमानपत्रं.”

तो हं म्हणाला, पुठ्ठे उचलून पलीकडे ठेवले आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागला.